अनुक्रमणिकेतली टिंबे

कोणतेही क्रमिक पुस्तक उघडा. पहिल्या काही पानांतच अनुक्रमणिका असते. डावीकडे पाठाचे नाव, उजवीकडे पृष्ठाचा आकडा. पुष्कळ पुस्तकांत या दोहोंच्या मधली रिकामी जागा टिंबांच्या रांगेने भरलेली असते. ही टिंबे कोणी वाचत नाही आणि मोजतही नाही. विद्यार्थ्याला विचारले तर 'शोभेसाठी' असे उत्तर बहुधा मिळेल.

पण ती शोभेची नाहीत. त्यांना एक नेमके काम आहे आणि ते काम त्यांच्याकडे कसे आले याला इतिहास आहे. इंग्रजी छापखान्यात या टिंबांना 'लीडर' म्हणतात. लीडर म्हणजे हात धरून नेणारा. या लेखात आपण त्यांना 'टिंबांची रांग' म्हणू. ही रांग ज्या पानाकडे बोट दाखवते ते पान जागेवरच असेल, या विश्वासावर ती उभी आहे. म्हणून तिचा इतिहास हा खरे तर पान स्थिर होण्याचा, आणि अलीकडे ते पुन्हा हलू लागल्याचा इतिहास आहे.

पोथीला पानांक होता, तरी...

ग्रंथात काय कोठे आहे हे आधी सांगावे ही कल्पना छपाईपेक्षा पुष्कळ जुनी आहे. रोमन लेखक थोरला प्लिनी याने इ. स. ७७ च्या सुमारास आपला निसर्गविषयक प्रचंड ग्रंथ पुरा केला, तेव्हा त्याचा पहिला खंड म्हणजे पुढच्या ३६ खंडांतील विषयांची यादीच होती. सम्राटाच्या मुलाला सगळे वाचत बसावे लागू नये, हवे तेवढे शोधता यावे, हा त्यामागचा हेतू. पण या यादीत पृष्ठांक नव्हते आणि असणे शक्यही नव्हते. हाताने नक्कल केलेल्या प्रत्येक प्रतीत अक्षराचा आकार वेगळा, ओळी वेगळ्या, म्हणून पानही वेगळे.

आपल्याकडच्या पोथीचेही तेच. पोथीच्या पानांना क्रमांक असत. सुटी पाने गहाळ होऊ नयेत, विसकटली तर पुन्हा लावता यावीत यासाठी ते लागतच. पण एका पोथीतला मजकूर ज्या पानावर आहे, त्याच पानावर तो दुसऱ्या पोथीत सापडेल याची खात्री नव्हती. त्यामुळे संदर्भ देण्याची रीत वेगळी होती. 'नववा अध्याय, अमुक ओवी' असे म्हटले की काम भागे. अध्याय आणि ओवी हे ग्रंथाचे स्वतःचे अवयव आहेत. कागद बदलला तरी ते बदलत नाहीत. पान मात्र कागदाचा अवयव आहे.

हा फरक आपल्या परिसरातल्या एका माणसाच्या कामात फार ठळकपणे दिसतो. ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे यांनी जुन्या मराठी कवींच्या पोथ्या जमवल्या, १९०३ साली 'महाराष्ट्र कवि' हे मासिक काढून त्यातील काव्ये छापली आणि 'महाराष्ट्र सारस्वत' हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला. १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन करण्यातही त्यांचा पुढाकार होता. पोथीतले काव्य छापील पुस्तकात आले की ते दोन पत्त्यांवर राहू लागते. एक पत्ता ओवीच्या क्रमांकाचा, दुसरा पृष्ठाच्या क्रमांकाचा. पहिला सगळ्या प्रतींना लागू पडतो. दुसरा त्या आवृत्तीपुरताच खरा, पण त्या आवृत्तीच्या शेकडो प्रतींत तंतोतंत सारखा.

ही 'तंतोतंत सारखी' असण्याची सोय छपाईने दिली. युरोपात कोलोन शहरी आर्नोल्ड थेर होर्नेन या मुद्रकाने १४७० साली एका पुस्तिकेत छापील पत्रांक घातले. अशा छापील अंकांच्या पहिल्या उदाहरणांत तिची गणना होते. देवनागरी खिळ्यांनी मराठीची छपाई बंगालमधील श्रीरामपूर येथे सुरू झाली. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण तेथे १८०५ साली छापले गेले. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग छापले. जावजी दादाजी यांनी १८६४ साली खिळे पाडण्याचा कारखाना आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. ठाण्यातून १८६६ पासून 'अरुणोदय' हे वृत्तपत्र निघू लागले. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे. मुंबईहून निघालेली रेल्वे ठाण्याला १८५३ साली आणि कल्याणला १८५४ साली पोहोचली होती. म्हणजे दहा-पंधरा वर्षांच्या आत छापील पुस्तक, ते आणणारी गाडी आणि ते ठेवणारी कपाटे, तिन्ही गोष्टी या भागात हजर झाल्या. एकाच पुस्तकाची एक प्रत मुंबईत, एक ठाण्यात आणि एक कल्याणात असेल, तर 'पृष्ठ ४१ पाहा' या सूचनेला प्रथमच अर्थ आला. पृष्ठांकासह अनुक्रमणिका ही त्या अर्थाची खूण आहे.

डोळा चालत नाही, उड्या मारतो

आता टिंबांकडे येऊ. नाव डावीकडे आणि आकडा उजवीकडे असला, तर मध्ये टिंबे कशाला हवीत?

वाचताना डोळा ओळीवरून सरकत जातो असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. फ्रेंच नेत्रतज्ज्ञ एमिल जाव्हाल यांच्या प्रयोगशाळेत १८७९ च्या सुमारास असे दिसून आले की डोळा उड्या मारत जातो. तो क्षणभर थांबतो, उडी मारतो, पुन्हा थांबतो. प्रत्येक थांबा साधारण पाव सेकंदाचा असतो आणि वाचन होते ते या थांब्यांमध्येच. थांबलेल्या डोळ्याला स्पष्ट दिसणारा भागही लहान असतो. दृष्टिपटलाच्या मध्यभागी जो अत्यंत संवेदनशील खळगा आहे, त्याच्या वाट्याला सुमारे दोन अंशांचे क्षेत्र येते. पुस्तक डोळ्यांपासून ३५ सेंटिमीटरवर धरले, तर दोन अंश म्हणजे सुमारे १.२ सेंटिमीटर. इतकीच रुंदी एका वेळी अगदी स्पष्ट दिसते.

समजा 'प्रकाश' एवढेच पाठाचे नाव आहे आणि आकडा त्याच्यापासून ७ सेंटिमीटर दूर आहे. मधली जागा स्पष्ट दृष्टीच्या रुंदीच्या जवळजवळ सहापट झाली. या कोऱ्या मैदानात डोळ्याला थांबण्यासाठी काही नसेल तर तो एक लांब उडी घेतो. उडी थोडी वर किंवा खाली पडली की शेजारच्या ओळीतला आकडा हाती लागतो. ओळींमधले अंतर ५ मिलिमीटर असेल, तर ७ सेंटिमीटरच्या उडीत केवळ दोन-तीन मिलिमीटरची चूक पुरते.

टिंबे येथे उपयोगी पडतात. पण ती नुसती असून भागत नाही. १९२३ साली जर्मन मानसशास्त्रज्ञ मॅक्स वेर्टहायमर यांनी आपली दृष्टी सुट्या ठिपक्यांचे गट कसे पाडते याचे नियम मांडले. त्यातला एक साधा नियम असा की जे ठिपके एकमेकांजवळ, ते एका गटाचे. ठिपके आडव्या दिशेने जवळ असतील तर आडव्या रांगा दिसतात, उभ्या दिशेने जवळ असतील तर उभे स्तंभ दिसतात.

हा नियम अनुक्रमणिकेला लावून पाहा. छापखान्यात अंतर पॉइंटात मोजतात. आजच्या संगणकी मापात एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग, सुमारे ०.३५ मिलिमीटर. दोन ओळींत १५ पॉइंटांचे अंतर आणि दोन टिंबांत ६ पॉइंटांचे अंतर असेल, तर शेजारचे टिंब वरच्या-खालच्या टिंबापेक्षा अडीचपट जवळ आहे. डोळा आपोआप आडवा जातो. आता हौस म्हणून टिंबे विरळ केली आणि त्यांच्यात १८ पॉइंट अंतर ठेवले, तर खालचे टिंब शेजारच्या टिंबापेक्षा जवळचे झाले. पान नक्षीदार दिसेल, पण डोळा आडवा जाण्याऐवजी उभा घसरू लागेल. जे वाट दाखवायला ठेवले तेच वाट चुकवू लागले.

मराठीला टिंब मिळाले कोठून?

देवनागरीत ठिपका पूर्वीपासून आहे, पण तो अक्षराच्या डोक्यावर. अनुस्वार म्हणून. ओळीच्या पायथ्याशी बसणारे टिंब परके आहे. जुन्या लेखनात वाक्य किंवा चरण संपला की उभा दंड येई. हिंदीने छपाईतही तो ठेवला. मराठीने मात्र इंग्रजी पद्धतीची विरामचिन्हे घेतली. ती रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी (१८०४–१८७७) यांना दिले जाते. मोल्सवर्थ यांच्या कोशकार्यातले ते सहकारी. पाठ्यपुस्तकांच्या भाषेवरही त्यांचा हात फिरला. पूर्णविरामाचे टिंब मराठी छापखान्याच्या खिळ्यांत आले ते या वाटेने, आणि मराठी अनुक्रमणिकेला रांगेसाठी लागणारा खिळा त्यामुळे आपल्याच पेटीत मिळाला.

पण ते आपल्या लिपीत पुरते मिसळत नाही, हेही पाहण्यासारखे आहे. रोमन अक्षरे पायथ्याच्या रेषेवर उभी असतात आणि टिंबही त्याच रेषेवर बसते. देवनागरी अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असतात. ओळीची ठळक आडवी रेघ वर असते आणि टिंब खाली. त्यातून देवनागरी आकड्यांना शिरोरेषाच नसते. म्हणजे डोळा नावाच्या डोक्यावरून निघतो, पायथ्याच्या टिंबांवर उतरतो आणि आकड्याच्या पोटाशी पोहोचतो. म्हणून मराठी अनुक्रमणिकेत टिंबे पॉइंट-दोन पॉइंट वर उचलली तर ओळ अधिक सलग वाटते. संगणकावर हे करणे आता अगदी सोपे आहे. शिशाच्या खिळ्यांच्या काळात तसे नव्हते.

शिशाची टिंबे

हाताने खिळे जुळवण्याच्या काळात रिकामी जागा ही वस्तू होती. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची तर तेथे कोरा खिळा बसवावा लागे. न बसवला तर ओळ ढिली राही आणि छपाईच्या वेळी खिळे निसटत. कोऱ्या खिळ्यांची उंची अक्षराच्या खिळ्यांपेक्षा कमी असे, म्हणून त्यांना शाई लागत नसे, एवढाच फरक. तेव्हा अनुक्रमणिकेतली मोठी जागा कशाने तरी भरावीच लागे. ती कोऱ्या खिळ्यांनी भरा किंवा टिंबांच्या खिळ्यांनी. टिंबांसाठी खास खिळेही पाडत. एकाच तुकड्यावर दोन, तीन किंवा अधिक टिंबे असत, म्हणजे जुळाऱ्याचा हात वाचे.

येथे एक सुंदर गणित दडलेले आहे आणि ते वर्गात घेण्याजोगे आहे. ओळीची रुंदी ३०० पॉइंट माना. एका टिंबाचा खिळा ६ पॉइंट रुंद. एका पाठाचे नाव ८३ पॉइंट जागा घेते, दुसऱ्याचे १०० पॉइंट. आकडा १२ पॉइंटांचा. नाव संपताच टिंबे लावायला सुरुवात केली, तर पहिल्या ओळीत टिंबांचे खिळे ८३, ८९, ९५... येथे येतील आणि दुसऱ्या ओळीत १००, १०६, ११२... येथे. ८३ ला ६ ने भागले तर बाकी ५ उरते, १०० ला भागले तर ४. बाक्या निराळ्या, म्हणून टिंबे एकाखाली एक येणार नाहीत. सबंध पान विसकटलेले दिसेल.

अनुभवी जुळारी उलट करी. तो टिंबे आकड्याकडून, म्हणजे उजवीकडून लावत येई आणि उरलेली फट नावाजवळ कोऱ्या खिळ्याने भरी. आकडा २८८ पॉइंटांवर सुरू होतो आणि २८८ ला ६ ने पूर्ण भाग जातो. पहिल्या ओळीत टिंबांचे खिळे ८४ पासून २८८ पर्यंत, म्हणजे ३४ बसतात आणि नावाजवळ १ पॉइंट उरतो. दुसऱ्या ओळीत १०२ पासून ३१ बसतात आणि २ पॉइंट उरतात. पृष्ठांक एकअंकी असला तर तो २९४ वर सुरू होईल. तेथेही भाग पूर्ण जातो. सर्व टिंबे सहाच्या पाढ्यात आली, म्हणून एकाखाली एक आली. बाकी काय उरली यापेक्षा ती कोठे ठेवायची हे महत्त्वाचे. भागाकार शिकवताना याहून चांगले उदाहरण क्वचित सापडेल.

वस्तूऐवजी आज्ञा

१९७७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे गणिती डोनल्ड नूथ यांच्या हाती त्यांच्याच ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी मुद्रिते आली. पहिली आवृत्ती शिशाच्या खिळ्यांवर झाली होती. नवी जुळणी छायाक्षर यंत्रावर केली होती आणि ती त्यांना इतकी नापसंत पडली की त्यांनी अक्षरजुळणीसाठी स्वतःच आज्ञावली लिहायला घेतली. तिचे नाव टेक. काही महिन्यांचे म्हणून घेतलेले काम दशकभर चालले.

टेकची मूळ कल्पना भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला लगेच पटेल. अक्षर म्हणजे ठराविक आकाराची पेटी. दोन पेट्यांमधली जागा म्हणजे ताणली वा दाबली जाणारी स्प्रिंग. ओळ ठराविक रुंदीची करायची म्हणजे सगळ्या स्प्रिंगा योग्य प्रमाणात ताणायच्या. यात टिंबांची रांग म्हणजे काय? एक खूप ताणली जाणारी स्प्रिंग, जिच्यात कोऱ्या जागेऐवजी एकच छोटी पेटी पुनःपुन्हा भरायची आहे. नूथ यांनी या सोयीला छापखान्यातलेच 'लीडर्स' हे नाव ठेवले. आणि जुळाऱ्याचे गणितही ठेवले. टेकमध्ये नेहमीच्या पद्धतीने लीडर भरले, की पेट्या ओळीच्या आरंभापासून आखलेल्या अदृश्य चौकटीतच बसतात, नाव कोठेही संपो. म्हणून टिंबे आपोआप एकाखाली एक येतात. हाताच्या कौशल्याचा नियम येथे सूत्र झाला. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी टेकवर लाटेक ही प्रणाली रचली. तिच्या अनुक्रमणिकेत दोन टिंबांमधले अंतर अक्षराच्या मापाच्या सुमारे पाऊणपट असते. नेदरलँड्समधील फ्रान्स व्हेल्टहुइस यांनी १९९१ साली देवनागरीही टेकमध्ये आणली.

बदल वरवर लहान दिसतो, पण तो मुळाशी जाणारा आहे. पूर्वी टिंब ही वस्तू होती. आता 'ही जागा टिंबांनी भर' ही आज्ञा झाली. नाव लांबले तर टिंबे कमी होतात, आखूड झाले तर वाढतात. कोणाला मोजावे लागत नाही.

स्टेशनजवळच्या दुकानात

सर्वसामान्य छपाईत हा बदल आणला तो पानजुळणीच्या सॉफ्टवेअरने. आल्डस कंपनीचे पेजमेकर १९८५ साली आले. कंपनीचे नाव पंधराव्या शतकातील व्हेनिसचा मुद्रक आल्डुस मानुटिउस याच्यावरून ठेवलेले. १९९० च्या दशकात ठाणे, डोंबिवली, कल्याण येथे स्टेशनजवळच्या गल्ल्यांतून 'डी.टी.पी.ची कामे करून मिळतील' अशा पाट्या दिसू लागल्या. दिवाळी अंक, शाळांच्या स्मरणिका, लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, सगळे तेथे होई. पेजमेकरची जागा पुढे १९९९ साली आलेल्या इनडिझाइनने घेतली.

मराठीची अडचण मात्र निराळी होती. त्या काळातले मराठी-हिंदी फाँट संगणकाला देवनागरी म्हणून ठाऊक नव्हते. इंग्रजी अक्षरांचे जे क्रमांक, त्याच क्रमांकांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. कोणता तुकडा कोठे हे प्रत्येक फाँट बनवणारा आपापले ठरवी. हिंदीत फार चाललेल्या कृतिदेव या फाँटमध्ये इंग्रजी पूर्णविरामाच्या जागी अर्धा 'ण' आहे. आता पाहा काय होते ते. सॉफ्टवेअरला आपण सांगितले, जागा टिंबांनी भर. सॉफ्टवेअर प्रामाणिकपणे टिंबाचा क्रमांक पुनःपुन्हा लिहिते. फाँट त्या क्रमांकाचे चित्र काढतो आणि कागदावर पाठाचे नाव व आकडा यांच्या मध्ये अर्ध्या 'ण'ची पलटण उभी राहते!

उपाय सोपा आहे, आणि आजही तो माहीत असलेला बरा. टिंबांच्या रांगेला स्वतंत्र शैली द्यायची. इनडिझाइनमध्ये अनुक्रमणिका आपोआप तयार करताना नाव व पृष्ठांक यांच्या मध्ये एक टॅब घालता येतो, आणि त्या टॅबपुरती वेगळी अक्षरशैली नेमता येते. फाँट कोणता, आकार केवढा, रंग किती फिका, पायथ्यापासून किती वर, हे सारे त्या शैलीत ठरते. परिच्छेदाच्या शैलीत उजव्या समासाशी उजवा टॅब ठेवायचा, म्हणजे आकडे एककाखाली एकक असे येतात. त्या टॅबच्या लीडरच्या रकान्यात टिंब आणि त्यापुढे एक जागा लिहिली की रांग थोडी मोकळी होते. वेगळ्या शैलीचा आणखी एक फायदा आहे. मुख्य शीर्षक ठळक व मोठे आणि उपशीर्षक लहान असले, तर टिंबेही त्या त्या मापाची होतात आणि जुळाऱ्याने साधलेली उभी शिस्त मोडते. रांगेला एकच शैली दिली की सर्व टिंबे एका मापाची होतात.

टिंबाची कळ दाबून ठेवली तर

शाळेच्या स्मरणिकेची अनुक्रमणिका करताना बहुतेक जण काय करतात? नाव लिहितात आणि आकडा उजवीकडे पोहोचेपर्यंत टिंबाची कळ दाबून ठेवतात. पडद्यावर ठीक दिसते. पण ही टिंबे आज्ञा नाहीत. त्यांना आपण पुन्हा वस्तू केले, तीही जुळाऱ्याचे गणित न वापरता. फाँट बदलला की आकडे मागेपुढे होतात. नाव दुरुस्त केले की एखादा आकडा खालच्या ओळीवर पडतो.

याहून गंभीर गोष्ट अशी की ती टिंबे मजकुरात शिरतात. दृष्टिहीन विद्यार्थी पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली वापरतो, तेव्हा टाइप केलेली टिंबे हा तिच्या दृष्टीने मजकूरच असतो. मांडणीनुसार ती ही टिंबे मोठ्याने मोजून दाखवू शकते. डोळ्याला हात देण्यासाठी जी आली, ती कानाला अडथळा होतात. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलतानाही हीच टिंबे भलत्याच अक्षरांत रूपांतरित होऊ शकतात. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्वतःचे क्रमांक आहेत आणि पूर्णविरामाचे टिंब सर्व लिप्यांसाठी एकच आहे, त्यामुळे नव्या मजकुरात 'ण'ची पलटण उभी राहत नाही. जुन्या फायलींचे काय, हा प्रश्न मात्र अनेक संस्थांपुढे आहे.

वर्गात करून पाहा

आठ स्थानकांची नावे क्रमाने फळ्यावर लिहा: ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. विद्यार्थ्यांनी रुंद कागदाच्या डाव्या कडेला ती लिहावीत आणि उजव्या कडेला प्रत्येकासमोर कोणताही दोनअंकी आकडा. ओळी जवळ जवळ असाव्यात. असे तीन तक्ते करा. पहिल्यात मध्ये काहीच नाही. दुसऱ्यात ओळींमधल्या अंतराच्या निम्म्याहून कमी अंतरावर टिंबे. तिसऱ्यात ओळींमधल्या अंतरापेक्षा जास्त अंतरावर टिंबे, पण सर्व ओळींत एकाखाली एक. आता बोट न लावता 'दिव्यासमोर कोणता आकडा?' असे झपाझप विचारा. किती वेळ लागला, किती चुका झाल्या, याची नोंद प्रत्येक तक्त्यासाठी वेगळी ठेवा. तिसऱ्या तक्त्यात टिंबे असूनही पहिल्यापेक्षा खरोखर सुधारणा झाली का, हे मुलांनीच ठरवावे. आडव्या व उभ्या अंतराचे गुणोत्तर बदलत गेल्यास एक छोटा प्रकल्प होईल.

दुसरा उपक्रम ग्रंथालयातला. ठाण्याच्या किंवा कल्याणच्या जुन्या ग्रंथालयात, नाहीतर आपल्या शाळेच्याच कपाटात, वेगवेगळ्या दशकांतली दहा पुस्तके काढून फक्त अनुक्रमणिका पाहा. काहींत टिंबे दिसतील, काहींत उभ्या रेघांचे रकाने, काहींत नुसती कोरी जागा. टिंबे एकाखाली एक आहेत का ते पट्टी लावून तपासा. त्या पानामागच्या माणसाचे, किंवा आज्ञावलीचे, गणित तेथे दिसेल.

पान पुन्हा हलू लागले

मोबाइलवर पुस्तक वाचताना अक्षर मोठे केले की पाने वाढतात. एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या पडद्यांवर तोच उतारा वेगवेगळ्या पानांवर असतो. अशा पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत पृष्ठांकाला अर्थ नाही आणि म्हणून टिंबांनाही काम नाही. नावावर बोट टेकवले की तो पाठ उघडतो. पाठ्यपुस्तकाची छापील पानांबरहुकूम केलेली पी.डी.एफ. मात्र पडद्यावरही पाने स्थिर ठेवते, म्हणून तिच्यात टिंबे अजून टिकून आहेत.

पोथीच्या काळी जे होते तेच येथे नव्या रूपात आले आहे. प्रत्येक प्रतीचे पान वेगळे. मग 'पृष्ठ ४१ काढा' ही वर्गातली नेहमीची सूचना लवकरच अपुरी पडेल. तिच्याऐवजी काय सांगायचे, हे पोथी लिहिणाऱ्यांना ठाऊक होते. अध्याय सांगा, ओवी सांगा. आपल्या भाषेत पाठ, उपघटक, परिच्छेद सांगा. स्वाध्याय तयार करताना, टिपणे लिहिताना परिच्छेदांना क्रमांक देण्याची सवय शिक्षकांनी आतापासून लावून घेतली, तर छापील पुस्तक घेऊन बसलेला, मोबाइलवर वाचणारा आणि कानांनी ऐकणारा, असे तिन्ही विद्यार्थी एकाच ठिकाणी पोहोचतील. छापील अनुक्रमणिका करायची असेल, तेव्हा मात्र टिंबाची कळ दाबून ठेवू नये. टॅब लावावा आणि टिंबे ओळींपेक्षा जवळ ठेवावीत.